ओटीपी न देता 61,594 रुपये गेले. क्रेडिट कार्ड घेण्याआधी वाचा

मी कुणाला ओटीपी दिला नाही. कुठली लिंक उघडली नाही. "केवायसी बंद पडेल" म्हणणाऱ्यांचे फोन मी पहिल्याच वाक्याला कापते. तरीही एका रात्रीत माझ्या क्रेडिट कार्डावरून 61,594 रुपये 30 पैसे गेले.

हे कार्ड नाशिकच्या एका मॉलमध्ये टेबल टाकून बसलेल्या मुलाने गळ्यात मारलं. "लाइफटाइम फ्री आहे मॅडम, लाउंज पण फुकट." पहिल्याच बिलात वार्षिक फी आली, जीएसटीसकट 2,948 रुपये 82 पैसे. तोंडी फुकटाला किंमत नसते. शुल्काच्या कागदावर शून्य छापलेलं दिसल्याशिवाय सही करू नका.

पण खरा घात कार्ड चालू करताना झाला. तोच मुलगा घरी आला, "ॲप सेट करून देतो" म्हणून माझा फोन हातात घेतला आणि एकामागून एक बटणं हिरवी करत गेला. ऑनलाइन, टॅप, इंटरनॅशनल. परदेशी व्यवहाराची मर्यादा बोटाने थेट शेवटपर्यंत ओढली. मी विचारलं, "हे कशाला? माझ्याकडे पासपोर्टसुद्धा नाही." तर म्हणे, "असू द्या मॅडम, नाहीतर पेमेंट अडकतं." रिझर्व्ह बँकेचा 2020 पासूनचा नियम आहे की ही तिन्ही बटणं नव्या कार्डावर बंदच असतात आणि ती ग्राहकानेच चालू करायची. बँकेचा माणूस घरी बसून सांगतोय, त्यावर विश्वास ठेवायचा नाही तर कुणावर? आजही ते हिरवं बटण डोळ्यांसमोरून जात नाही. तुमचं ॲप आत्ता उघडा आणि इंटरनॅशनल बंद करा. परदेशी साइटवर ओटीपी लागतोच असं नाही. कार्डाचा नंबर, तारीख आणि सीव्हीव्ही, म्हणजे कार्डावरचा छोटा गुप्त आकडा, एवढ्यावर काम होतं.

संध्याकाळी स्वयंपाक चालू असताना 87 रुपये 40 पैशांचा मेसेज आला. वाटलं, माझ्या लेकाने एखादं ॲप घेतलं असेल. 87 रुपयांसाठी कोण बँकेला फोन लावतं? चोर याच भरवशावर असतात. कार्ड चालतंय का ते आधी चिल्लर काढून बघतात. अनोळखी एक रुपया जरी गेला तरी त्याच क्षणी कार्ड ब्लॉक करा. त्याच रात्री आम्ही झोपेत असताना 18,642.15 दोनदा आणि 24,310 एकदा गेले. किराणा आणि पेट्रोलपलीकडे न वापरलेल्या कार्डावर मध्यरात्री डॉलरमध्ये खरेदी होते आणि बँकेला काहीच खटकत नाही! वर या चोरीवर बँकेने 2,155 रुपये 80 पैसे फॉरेक्स मार्कअप, म्हणजे परदेशी चलनातल्या खरेदीवरचं जादा शुल्क, लावला, त्यावर 388 रुपये 4 पैसे जीएसटी.

सकाळी उठल्या उठल्या कार्ड ब्लॉक केलं, 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. पुढे सुरू झाली टोलवाटोलवी. शाखेत म्हणाले, क्रेडिट कार्डाचा विभाग वेगळा. कॉल सेंटर म्हणालं, एफआयआर आणा. पोलीस म्हणाले, पैसे बँकेचे गेलेत, तक्रार बँकेने करावी. बँकेने शेवटी कळवलं की माहिती तुम्हीच कुणाला तरी दिली असणार. पुरावा? तो नाही. रिझर्व्ह बँकेचं 2017 चं परिपत्रक स्पष्ट सांगतं की चूक ग्राहकाची आहे हे बँकेने सिद्ध करायचं, आणि तक्रारीनंतर 10 कामाच्या दिवसांत रक्कम तात्पुरती जमा करायची. मी हे वाचून दाखवलं तर काउंटरवरची बाई म्हणाली, "ते आमच्या सिस्टिमला येत नाही." लोकांच्या घामाचे पैसे जातात आणि हे सिस्टिमकडे बोट दाखवतात! तक्रार तोंडी करूच नका. ईमेल करा, तक्रार क्रमांक मागा. तीन कामाच्या दिवसांच्या आत कळवा, नाहीतर थोडा भार तुमच्यावर येऊ शकतो.

वाद चालू असतानाच्या रकमेवर शुल्क लावायला मनाई आहे, तरी महिन्याला साडेतीन टक्के व्याज चढतंय. वसुलीवाला माझ्या ऑफिसात फोन करून माझ्या साहेबांशी बोलला. चोर मोकळा आणि मान खाली घालायची मी! "मिनिमम ड्यू तरी भरा", म्हणजे बिलातली किमान रक्कम, असा आग्रह तो रोज धरतो. 30 दिवसांत बँकेने रक्कम परत केली नाही म्हणून मी रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार टाकली आहे, आणि वसुलीवाल्याला प्रत्येक वेळी तोच तक्रार क्रमांक लिहून घ्यायला लावते. माझी खरी खरेदी मी भरली. या 61,594 रुपये 30 पैशांतला एक पैसाही भरणार नाही.