टॅमरॉन १७-७० एफ/२.८ : किट लेन्सच्या जागी काही महिने वापरल्यावर

माझा कॅमेरा सोनी ए६४००. त्याच्यासोबत आलेली १६-५० मिमी एफ/३.५-५.६ ही किट लेन्स मी बराच काळ वापरली, मग तिच्या जागी टॅमरॉनची १७-७० मिमी एफ/२.८ घेतली. आता ती उन्हात, पावसाळी उजेडात, घरात, रंगमंचासमोर, प्रवासात अशी सगळीकडे वापरून झाली आहे. किट लेन्सनंतर एकच लेन्स घ्यायची तर कुठली, या विचारात जे आहेत त्यांच्यासाठी हे जरा सविस्तर लिहितेय.

निवड करताना मला सगळ्यात जास्त मदत झाली ती माझ्याच जुन्या फोटोंची. प्रत्येक फोटोत फोकल लेंथ (लेन्सची मिमीतली पोहोच), ॲपर्चर (उजेड आत येण्याचं छिद्र, एफ-चा आकडा लहान तितकं छिद्र मोठं), शटर स्पीड (किती वेळ उजेड आत येतो) आणि आयएसओ (सेन्सर उजेडाला किती संवेदनशील) यांची नोंद असते. लाइटरूम या फोटोंच्या सॉफ्टवेअरमध्ये फोकल लेंथनुसार फोटो वेगळे केले आणि चित्र लगेच स्पष्ट झालं. माझे फोटो दोन टोकांना साठलेले होते: काही अगदी १६ मिमीवर आणि त्याहून कितीतरी जास्त ५० मिमीवर. म्हणजे झूम संपला म्हणून मी तिथे थांबत होते. शिवाय जे फोटो हललेले किंवा दाणेदार आले होते, ते बहुतेक ५० मिमी, एफ/५.६ आणि आयएसओ ६४०० असेच होते. मला हवी होती ती थोडी जास्त पोहोच आणि त्या पोहोचेवर भरपूर उजेड. लेन्सचे रिव्ह्यू पाहायच्या आधी हे एवढं नक्की करा. पुढचा निम्मा गोंधळ आपोआप मिटतो.

उजेडाचं गणित इथे महत्त्वाचं आहे. वाइड टोकाला (१६-१७ मिमीवर) किट लेन्स एफ/३.५ देते, ही एफ/२.८. फरक साधारण दीडपट उजेडाचा, म्हणजे एक स्टॉपही नाही (एक स्टॉप म्हणजे दुप्पट उजेड). केवळ वाइडवर फोटो काढणाऱ्याला ही लेन्स घेऊन फार काही वेगळं वाटणार नाही. फरक आहे तो दुसऱ्या टोकाला. ५० मिमीवर किट लेन्स एफ/५.६ वर आलेली असते, ही मात्र एफ/२.८ वरच असते. दोन स्टॉप, म्हणजे चौपट उजेड. आयएसओ ६४०० चं काम १६०० वर होतं, किंवा आयएसओ तोच ठेवला तर १/६० ऐवजी १/२५० चा शटर मिळतो. घरात पळणारं मूल १/६० ला पुसट येतं आणि १/२५० ला बऱ्याचदा नीट येतं. स्टॅबिलायझेशन तिथे कामाचं नाही, कारण ते आपल्या हाताचं हलणं थांबवतं, समोरच्या माणसाचं नाही. नाचाच्या कार्यक्रमात पहिल्यांदा ही लेन्स नेली, तेव्हा हा फरक कॅमेऱ्याच्या छोट्या स्क्रीनवरच दिसला.

मागचा भाग धूसर होण्याचंही तसंच. फोकल लेंथला एफ-क्रमांकाने भागलं की छिद्राचा व्यास मिळतो, आणि तो मोठा तितका मागचा भाग जास्त धूसर. ५० मिमी, एफ/५.६ ला तो जेमतेम ९ मिमी. ७० मिमी, एफ/२.८ ला २५ मिमी. त्यामुळे या लेन्सवर चेहऱ्यामागची झाडं, दिवे, गर्दी खरोखर विरघळतात, आणि ते पाहून मला अजूनही आनंद होतो. ए६४०० चा सेन्सर एपीएस-सी, म्हणजे ३५ मिमी फिल्मच्या आकाराच्या फुल-फ्रेमहून लहान, असल्यामुळे ७० मिमी म्हणजे फुल-फ्रेमच्या हिशेबात १०५. पोर्ट्रेटसाठी फार छान अंतर, चेहऱ्याची ठेवण कुठेही ताणलेली दिसत नाही.

इतर पर्यायही मी मनापासून तपासले होते. सोनीची १८-१३५ मिमी फक्त ३२५ ग्रॅमची, स्टॅबिलायझेशनसकट, आणि भर उजेडात भटकणाऱ्यासाठी उत्तम. पण तिचंही ॲपर्चर एफ/३.५-५.६ च, म्हणजे माझी मूळ अडचण तिथल्या तिथे. सिग्माची १८-५० एफ/२.८ मला फार मोहात पाडत होती: २९० ग्रॅम, मुठीत मावेल एवढी. पण तिच्यात स्टॅबिलायझेशन नाही आणि ए६४०० च्या बॉडीतही नाही. संध्याकाळी १/२० वर हातात धरून एखादी शांत खोली टिपायची, तर ते कुठेतरी असायलाच हवं, आणि टॅमरॉनमध्ये ते आहे. सोनीची १६-५५ एफ/२.८ जी दर्जाने सुंदर, पण तिच्यातही स्टॅबिलायझेशन नाही आणि किंमत या सगळ्यांत वरची. ३५ मिमी एफ/१.८ सारखी प्राइम (झूम नसलेली लेन्स) याहून जास्त उजेड देते, पण तो एकाच फोकल लेंथला. मला एकाच लेन्सवर दिवस काढायचा होता.

आता वजन. किट लेन्स ११६ ग्रॅम, ही ५२५. साडेचारपट! ए६४०० ची बॉडीच ४०३ ग्रॅमची, म्हणजे लेन्स बॉडीहून जड. दोन्ही मिळून किलोच्या जवळ जातं आणि तोल पुढे झुकतो. पहिले काही आठवडे उजवं मनगट दुखत असे. डावा हात लेन्सखाली ठेवून सगळा भार त्यावर घ्यायची सवय लागली, तेव्हा ते थांबलं. कॅमेऱ्यासोबतचा अरुंद पट्टा काढून रुंद पट्टा लावला, त्यानेही बराच फरक पडला. खिशात कॅमेरा टाकून निघायचे दिवस मात्र संपले, आणि ज्यांना ते दिवस प्रिय आहेत त्यांनी ही लेन्स घेऊ नये असं मी स्पष्ट सांगेन.

१६ वरून १७ वर आल्याची चुटपुट लागेल असं आधी वाटलं होतं. ८३ अंशांऐवजी साधारण ८० अंश दिसतात. छोट्या खोलीत सगळ्यांचा एकत्र फोटो काढताना हे जाणवतं आणि एक पाऊल मागे सरकावं लागतं. मागे भिंत असेल तर तेही जमत नाही. बाहेर मात्र मला कधी अडचण आली नाही.

लेन्सवर एकही स्विच नाही. ऑटो-मॅन्युअल फोकसचा नाही, स्टॅबिलायझेशनचाही नाही. ट्रायपॉडवर ते बंद करायला मेनूत शिरावं लागतं. मी तो पर्याय 'माय मेनू'त टाकून ठेवलाय आणि एएफ/एमएफ एका कस्टम बटणावर घेतलंय, त्यामुळे काम अडत नाही. कॅमेऱ्यात लेन्स करेक्शन ऑटोवर ठेवा, नाहीतर १७ मिमीवर काठाच्या सरळ रेषा वाकलेल्या दिसतील. याच कॅमेऱ्याच्या पॉप-अप फ्लॅशवर अवलंबून असाल, तर वाइडवर हूड (लेन्सपुढचं कडं) काढावं लागतं. लांब लेन्स फ्लॅशच्या आड येते आणि फोटोच्या खालच्या बाजूला सावली पडते.

जवळून फोटो काढण्याबद्दल थोडं. १७ मिमीवर ही लेन्स १९ सेंटिमीटरपर्यंत फोकस करते, पण हे अंतर सेन्सरपासून मोजलेलं असतं. बॉडी आणि लेन्सची लांबी वजा केली, तर लेन्सच्या काचेपुढे जेमतेम पाच सेंटिमीटर उरतात. तिथे लेन्सचीच सावली वस्तूवर पडते. फुलं, कीटक, हस्तकला यांसाठी मी ७० मिमीवर ३९ सेंटिमीटरचं अंतर वापरते. वस्तू जवळपास तेवढीच मोठी दिसते, उजेडही मोकळा राहतो. हिला मॅक्रो (अगदी जवळून वस्तू मोठी टिपणारी लेन्स) समजू नका, सेन्सरवर वस्तू साधारण एकपंचमांश आकाराची पडते.

व्हिडिओत झूम करताना ॲपर्चर बदलत नाही, त्यामुळे चित्र मध्येच काळवंडत नाही. मोटरवर चालणारा संथ झूम मात्र किट लेन्सकडेच आहे. हिच्यात हाताने रिंग फिरवायची, म्हणून बोलता बोलता हळूच जवळ जाणारा शॉट मी अजूनही जुन्या लेन्सवर घेते. फोटोसाठी मात्र हीच रिंग मला हवी होती. किट लेन्स कॅमेरा बंद केला की आत जाते आणि चालू केल्यावर पुन्हा १६ वरून सुरू होते. ही ७० वर ठेवली तर ७० वरच असते, कॅमेरा सुरू करायचा आणि लगेच फोटो घ्यायचा.

किट लेन्सचे ४०.५ मिमीचे फिल्टर हिला चालत नाहीत, ६७ मिमीचे नवे घ्यावे लागतात. पोलरायझर (चकाकी कमी करणारा फिल्टर) वापरत असाल तर तो खर्च आधीच धरा. ज्यांच्या बॉडीतच स्टॅबिलायझेशन आहे, म्हणजे ए६६०० किंवा ए६७०० वापरणाऱ्यांनी, सिग्मा १८-५० आधी हातात घेऊन बघावी. ५० ते ७० मधला तुकडा लागत नसेल, तर तुम्हाला तीच जास्त सोयीची पडेल. मला तो लागतो. आता माझे निम्म्याहून जास्त फोटो त्याच पट्ट्यातले असतात.