शॉकअप बदलायचेत: ऑइलचे टाकावेत की गॅसचे?

पावसाळा ओसरला की ठाण्यातल्या वागळे इस्टेटपासून नवी मुंबईतल्या तुर्भ्यापर्यंत गॅरेजवाल्यांचं एक वाक्य ठरलेलं असतं, "साहेब, पुढचे दोन्ही शॉकअप गेलेत." पाठोपाठ प्रश्न येतो, ऑइलचे टाकू की गॅसचे? गॅसचे महाग, म्हणून तेच चांगले असणार, असं आपण धरून चालतो.

आधी हे बघा की शॉकअप खरंच गेलेत का. खड्ड्यात नुसती खडखड ऐकू येत असेल तर दोष लिंक रॉडचा (सस्पेन्शनमधल्या जोडदांड्याचा) किंवा शॉकअपच्या वरच्या रबरी बैठकीचा, म्हणजे माउंटिंगचाही असू शकतो. गाडी एका बाजूला किंवा मागे बसली असेल तर स्प्रिंगकडे बघा, कारण गाडीचं वजन स्प्रिंग पेलते, शॉकअप नाही. दबलेली स्प्रिंग सुटली की वरखाली होत राहते. तिला आवरणं हे शॉकअपचं मुख्य काम. आतला पिस्टन तेलातून सरकतो, तेलाला बारीक छिद्रांतून आणि व्हॉल्व्हमधून वाट काढावी लागते आणि हेलकाव्यातली ऊर्जा उष्णता होऊन निघून जाते. बॉनेटचा कोपरा जोरात दाबून सोडा. गाडी वर येऊन स्थिरावली तर ठीक, झुलत राहिली तर शॉकअप संपले. नळीवर तेल ओघळलेलं दिसलं, तर दाबून बघायचीही गरज नाही.

आता मूळ प्रश्न. गॅसच्या शॉकअपमध्येही हेलकावा आवरतं ते तेलच. साध्या शॉकअपच्या बाहेरच्या नळीत तेलावर हवा असते. पिस्टन भराभर वरखाली होऊ लागला की ती हवा तेलात मिसळून फेस होतो, फेस व्हॉल्व्हमधून सहज निसटतो आणि गाडी तरंगल्यासारखी वाटू लागते. गॅसवाल्यात हवेच्या जागी दाबाखाली नायट्रोजन भरलेला असतो, त्यामुळे फेस कमी होतो. फरक मुख्यतः इतकाच.

पण फेस व्हायला वेग लागतो. घोडबंदर रोडवर माजिवड्यापासून गायमुखपर्यंत गर्दीच्या वेळी गाडी धावतेच कुठे? त्या रांगेत खड्डे कितीही असोत, तेलाला फेस येण्याइतका पिस्टन पळतच नाही. कासारवडवलीहून स्टेशन आणि परत, एवढाच ज्यांचा फेरा आहे, त्यांना ऑइलचे पुरतात. शिवाय गॅसचा दाब पिस्टनच्या दांड्याला सतत बाहेर ढकलत असतो, त्यामुळे गाडी किंचित कडक लागते. मागच्या सीटवर कंबरदुखी असलेल्या आजी बसणार असतील तर हा विचार करावा. उलट नाशिक हायवेवर वरचेवर जाणं असेल, किंवा गणपतीला पाच माणसं आणि डिकीभर सामान घेऊन कोकण गाठायचं असेल, तर गॅसचेच घ्या. भरलेली गाडी, वेग आणि तासन्‌तास खराब रस्ता एकत्र आला की दोन्हींतला फरक जाणवतो. पाम बीच रोडच्या गुळगुळीत पट्ट्यावर तो शोधू नका, सापडणार नाही.

या सगळ्याच्या आधी मात्र हे विचारा की कंपनीने मुळात काय बसवलं होतं. अनेक गाड्यांना गॅसचेच येतात, आणि स्प्रिंग व व्हॉल्व्ह एकमेकांना जुळवलेले असतात. तिथे पैसे वाचवायला साधे टाकणं मला पटत नाही.

मोनोट्यूबचा, म्हणजे एकाच नळीच्या महागड्या शॉकअपचा आग्रह कोणी धरला तर नम्रपणे नकार द्या. त्यात पिस्टन थेट बाहेरच्या नळीला घासून चालतो, दगडाने नळीला पोचा आला की कारभार आटोपला. घरच्या हॅचबॅकला तो खर्च कशाला?

सील आणि तेल बदलून 'रिपेअर' केलेले स्वस्तात मिळतात, तेही टाळा. व्हॉल्व्हची झीज तशीच राहते आणि डावा-उजवा सारखा वागेल याची खात्री कुणीच देत नाही. नवे घेतानाही याच कारणासाठी जोडीनेच बदलायचे. बहुतेक छोट्या गाड्यांत पुढचे शॉकअप स्ट्रटचा, म्हणजे शॉकअप आणि स्प्रिंग एकत्र असलेल्या खांबाचा भाग असतात, चाक सरळ धरून ठेवण्यातही त्यांचा हात असतो. त्यामुळे बदलल्यावर चाकांचं अलाइनमेंट करावंच लागतं. भाव विचारताना ते, माउंटिंग, बंप स्टॉप (शॉकअप पूर्ण दबल्यावर आदळू नये म्हणून असलेलं रबर) आणि मजुरी धरूनच एकूण आकडा मागा.