टोकनच्या व्हाउचरवरची सही

कोल्हापुरात राहून मालिका-चित्रपटांसाठी लिहिणाऱ्या, विशेषतः पहिल्या कामाची वाट पाहणाऱ्या लेखकांनी कुठल्याही कागदावर सही करण्यापूर्वी हे वाचावे, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

मोरेवाडीच्या चित्रनगरीत एका निर्मितिसंस्थेच्या प्रतिनिधींना मी गुऱ्हाळघरावरची कथा ऐकवली होती. गूळ तयार करणारा गुळव्या नवरा गेल्यावर त्याची बायको काहिलीपाशी उभी राहते, उकळत्या पाकाचा थेंब पाण्यात टाकून बोटांत वळून पाहते आणि गड्यांना पहिल्यांदाच ‘उतरवा’ म्हणते, हा पहिल्या भागाचा शेवट त्यांना फार आवडला. मग ‘चॅनेलला दाखवायचे आहे’ असे सांगून त्यांनी चार महिन्यांत माझ्याकडून वन लाइन (प्रसंगांचा थोडक्यात आराखडा), पात्रांची टिपणे आणि संवादांसह 6 भाग लिहून घेतले. कराराचा विषय काढला की ‘आधी मंजुरी येऊ द्या’ हे उत्तर ठरलेले असे.

अखेर 11,000 रुपयांचे टोकन देताना त्यांनी रेव्हेन्यू स्टॅम्प लावलेले व्हाउचर पुढे केले. रकमेखाली बारीक इंग्रजी अक्षरांत दोन ओळी होत्या आणि त्या न वाचताच मी सही केली. कथा, पटकथा व संवाद यांचे सर्व हक्क कायमचे दिले असून यापुढे काहीही येणे नाही, असा त्या ओळींचा अर्थ होता. मालिका सुरू झाली तेव्हा काहिलीजवळचा प्रसंग जसाच्या तसा होता, नाव मात्र दुसऱ्याचे. शेजारी बसलेली आई शेवटपर्यंत माझे नाव शोधत होती.

1957 च्या कॉपीराइट कायद्यात नुसत्या कल्पनेला संरक्षण नाही, ते लिहिलेल्या मांडणीला आहे. आणि ते हक्क दुसऱ्याला देण्यासाठी लेखकाच्या सहीचा लेखी कागद लागतो. तो कागद मीच त्यांच्या हाती दिला. मुदत लिहिलेली नसती तर कलम 19 प्रमाणे ती 5 वर्षे धरली गेली असती, पण तिथे ‘कायमचे’ असे स्पष्ट लिहिले होते. हक्क दिल्यानंतरही लेखक म्हणून श्रेय मागण्याचा अधिकार कलम 57 नुसार उरतो, म्हणून वकिलांनी त्याच आधारे नोटीस पाठवली आहे. मुंबईच्या स्क्रीनरायटर्स असोसिएशनकडे सभासदांना संहिता ऑनलाइन नोंदवता येते. ते काम मी मंजुरीनंतर करू म्हणून लांबवले होते. त्यामुळे नोटिशीला पुरावा म्हणून तिसऱ्या भागाचा एकच ईमेल जोडता आला, कारण पहिल्या भागासह बाकीचे सगळे भाग मी प्रिंट काढून त्यांच्या हातात दिले होते.