बी.ए.सोबत आयआयटी मद्रासचा बी.एस. : घ्यावा का?

एप्रिल २०२२ मध्ये यूजीसीने एकाच वेळी दोन पदव्या करायला परवानगी दिली. मी पुण्यात अर्थशास्त्रात बी.ए.च्या तिसऱ्या वर्षाला आहे आणि सोबत आयआयटी मद्रासचा डेटा सायन्सचा ऑनलाइन बी.एस. चालू आहे. होस्टेलवरच्या ज्युनिअर मुली सारख्या विचारतात, "ताई, घेऊ का?" म्हणून एकदाचं लिहून टाकते.

प्रवेशाला जेईई लागत नाही. चार आठवड्यांचा अभ्यास आणि त्यावर पात्रता परीक्षा, एवढंच. व्हिडिओ खोलीवर बघायचे, असाइनमेंट दर आठवड्याला. क्विझ आणि अंतिम परीक्षा मात्र केंद्रावर जाऊन द्यावी लागते. ऑनलाइन म्हणजे पुस्तक उघडून पेपर, असं समजणाऱ्या आमच्या काकांना तेवढं उत्तर पुरलं.

पहिल्या पातळीला, म्हणजे फाउंडेशनला, आठ विषय आहेत. त्यातली सांख्यिकी आणि गणिताचा दुसरा भाग माझ्यासाठी पैसा वसूल. कॉलेजात इकॉनॉमेट्रिक्सच्या (अर्थशास्त्रातल्या सांख्यिकीच्या) तासाला रिग्रेशन, म्हणजे दोन गोष्टींतला संबंध आकड्यांत मांडायची पद्धत, फळ्यावर आलं की वर्ग मुकाट्याने वहीत उतरवून घेतो. मला ते मॅट्रिक्समधून आधीच ओळखीचं होतं. पायथॉन ही प्रोग्रॅमिंगची भाषा शिकल्यामुळे प्रोजेक्टच्या आकडेमोडीसाठी एक्सेलमध्ये कुथत बसावं लागलं नाही. दुसरी पदवी पहिलीच्या कामाला येते, म्हणून मला झेपते. साहित्यवाल्या मैत्रिणीला हेच विषय ओझं वाटले, आणि त्यात तिचं काही चुकलं नाही.

खरी किंमत वेळेची. इकडे वर्षाला तीन सत्रं, कॉलेजात दोन सेमिस्टर, त्यात ७५ टक्के हजेरी. कॉलेजची अंतर्गत परीक्षा आणि इकडची क्विझ एकाच आठवड्यात येणार, हे धरूनच चाला. शुल्क विषयागणिक असल्याने अशा सत्रात मी एकच विषय घेते. उत्पन्न आणि प्रवर्गानुसार शुल्कात सवलतही आहे, अर्ज करताना ती आधी बघा.

मला यातली सगळ्यात शहाणपणाची गोष्ट वाटते ती मधेच थांबायची सोय. थांबायचे टप्पे असे: फाउंडेशन, मग प्रोग्रॅमिंग आणि डेटा सायन्सचे दोन डिप्लोमा, ११४ क्रेडिटला बी.एस्सी., १४२ ला बी.एस. मी डेटा सायन्सच्या डिप्लोमावर थांबणार आहे. मला अर्थशास्त्रात एम.ए. करायचंय, त्याच्या प्रवेश परीक्षेच्या वर्षात वरच्या पातळीचे विषय ओढत नेण्यात मला अर्थ दिसत नाही. आईला अजून वाटतं मी अर्धवट सोडतेय.

तुमच्या कॉलेजातच एका पदवीत दोन मेजर (मुख्य विषय) घ्यायची सोय असेल तर आधी तिकडे चौकशी करा. यूजीसीच्या आराखड्यात त्यासाठी दुसऱ्या विषयाचे किमान ४० टक्के क्रेडिट लागतात, पण वेळापत्रक एकच राहतं आणि हजेरीही एकाच ठिकाणी.

पाचपैकी चार तारे, तेही गणिताशी वैर नसेल तर. सीएची आर्टिकलशिप चालू असणाऱ्यांनी सध्या नादाला लागू नये. आणि बायोडेटावर नुसतं 'आयआयटी' दिसावं म्हणून घेणार असाल, तर पात्रतेचे चार आठवडे करून बघा. तेव्हाच असाइनमेंट शेवटच्या रात्री, दुसऱ्याचं बघून उरकावी लागली, तर पुढचं शुल्क भरू नका.