जर्मनीतल्या गावचा व्हॉलीबॉल क्लब, सुट्टीला गेलेल्या आमच्या पोरीला पाच आठवडे सांभाळलं त्यांनी

लिहायचं कधीपासून मनात होतं पण लेकीची दहावी सुरू झाली त्यात राहून गेलं. आमच्या वन्सं जर्मनीत स्टुटगार्टजवळ एका लहान गावात राहतात. नववीची परीक्षा झाल्यावर एप्रिलमध्ये लेकीला दीड महिना त्यांच्याकडं पाठवलं. आत्या आणि मामा दोघंही दिवसभर कामाला, गावात दुपारी चिटपाखरू नाही, आणि ही बेळगावातल्या वडगावच्या गल्लीत वाढलेली पोर, जिथं पहाटेपासून साड्या विणायच्या मागांचा खडखडाट असतो. चौथ्या दिवशी फोनवर रडायलीच, आई इथं बोलायला कुणी नाही गे म्हणून. मग वन्संनी गावातल्या क्लबला मेल टाकला की भाची आलीय, पंधरा वर्षांची आहे, व्हॉलीबॉल खेळते, येऊ दे काय. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं, ईस्टरची सुट्टी संपली की मंगळवारी सहाला या, हॉलचे शूज आणा.

क्लब म्हटल्यावर मला वाटलं पैसेवाल्यांचं काम असणार. तसं नाही. फेराइन म्हणतात त्याला, गावोगावी असतात, आपल्या गल्लीतल्या मंडळासारखं समजा पण खेळासाठी. वर्गणी भरायची, त्यात लहान पोरांपासून म्हाताऱ्या माणसांपर्यंत सगळ्यांसाठी काही ना काही. पहिले दोन-तीन वेळा फुकट येऊन बघायचं, जमलं तर नाव घालायचं. आमच्याकडून दोन महिन्यांचे ३० युरो घेतले, म्हणजे तीन हजाराच्या आसपास. शिकवणाऱ्या बाई दिवसा नोकरी करून संध्याकाळी येणाऱ्या. त्यांना मॅडम म्हणायचं नाही, नावानं हाक मारायची, पहिले दोन दिवस पोरीच्या तोंडातून ते नाव निघेना.

शूजचं आधीच सांगून ठेवते, कारण आमचा तिथं घोळ झाला. इथं ग्राउंडवर घालायचे शूज घासून धुऊन बॅगेत भरले होते तरी खाचांत तांबडी माती होतीच. बाहेर घातलेले शूज हॉलमध्ये चालतच नाहीत, फरशीवर डाग न पाडणारे, फक्त आत घालायचे असे वेगळे लागतात. पहिल्या दिवशी सॉक्सवर बसून बघितलं तिनं. दुसऱ्या दिवशी वन्संनी ४५ युरोचे घेऊन दिले. गुडघ्याचे पॅड टीममधल्या एका पोरीनं आपले जुने दिले, परत मागितले नाहीत.

आता खेळाचं. आमच्याकडं नेट बांधतात ते पोरांच्या मापानं, पोरी चार-पाच असतात, त्यांच्यासाठी कोण खाली घेणार. पुरुषांचं नेट २.४३ मीटर आणि बायकांचं २.२४, म्हणजे जवळजवळ वीतभर फरक. ही पोर तीन वर्षं वीतभर उंच नेटवर खेळायली आणि स्मॅश पट्टीत अडकला की स्वतःला दोष द्यायली, मला उडताच येत नाही म्हणायची. तिथं तिच्या मापाच्या नेटवर पहिला स्मॅश पलीकडं पडला तेव्हा आत्याकडं बघून नुसती हसत उभी राहिली म्हणे. हे ऐकून मला आनंद झाला आणि रागही आला, तीन वर्षं कुणालाच कसं सुचलं नाही, मलासुद्धा.

शिकवायची पद्धत मला आवडली. अर्धा तास नुसते पाय कसे टाकायचे, मग जोडीजोडीनं बॉल, मॅच शेवटच्या वीस मिनिटांत. दोन्ही हात जोडून खालून बॉल उचलतात ना, त्याला ते बागर्न म्हणतात, आणि बागर म्हणजे जेसीबी! हे तिनं फोनवर सांगितलं तेव्हा घरात सगळ्यांना पाठ झालं. आउट बॉलला आउस. आमची पोर सवयीनं "बिडु" ओरडायची, कारण आपल्या ग्राउंडवर सोड म्हणायला मराठी पोरंही कन्नडच ओरडतात. बाईंनी विचारलं ह्याचा अर्थ काय, आणि म्हणाल्या कुठल्याही भाषेत ओरड, पण ओरड, गप्प राहिलीस की दोघी धडकता. टीममध्ये तुर्की घरची एक, युक्रेनची एक, बाकी जर्मन. इथं एका ग्राउंडवर मराठी, कन्नड, उर्दू चालतं त्यामुळं हिला त्यात बावरायला झालं नाही. शेवटी शेवटी तिकडच्या दोघी तिघी "माझा" म्हणून ओरडायल्या, तो व्हिडिओ माझ्याकडं आहे.

उन्हाळ्यात त्यांचं घड्याळ आपल्या साडेतीन तास मागं. त्यांचे संध्याकाळचे सहा म्हणजे आमचे साडेनऊ. माग बंद करून जेवणं उरकून आम्ही दोघं फोन घेऊन बसायचो. मैत्रीच्या मॅचेस होत्या एका शनिवारी, त्यात २२-२२ असताना बाईंनी हिला आत घातलं, आणि हिची सर्व्हिस नेटमध्ये. माझ्या पोटात गोळा आला. इथं लगेच बाहेर काढतात आणि वर बोलतात. तिथं पाचही पोरी तिच्याजवळ आल्या, हातावर हात मारले, परत जागेवर गेल्या. बाईंनी काढलं नाही. सेट हरले. पुढच्या सेटमध्ये हिच्या चार सर्व्हिस लागोपाठ पडल्या.

त्या दिवशी आईबाप घरून केक करून आणतात, विकतात, पैसे क्लबला. कुंदा न्यायचा फार विचार होता पण दुधाचे पदार्थ बाहेरून युरोपात सामानातून नेता येत नाहीत, म्हणून वन्संसाठी भडंग आणि शेंगाचटणी बांधून दिली होती. भडंग हिनं तिथं ठेवलं, पाऊण तासात डबा रिकामा.

कमी काय ते पण सांगते. शाळांना सुट्टी असली की हॉलही बंद. दीड महिन्यातले पहिले जवळजवळ दोन आठवडे ईस्टरमध्ये गेले, तिला सगळ्यात जास्त गरज होती तेव्हाच. लीगच्या मॅचेस खेळायला खेळाडूचा पास लागतो, आमच्या पोरीला तो मिळाला नाही, तशी तयारी मनाची करूनच पाठवा. ग्रुपवरचे मेसेज सगळे जर्मनमध्ये, एकदा वेळ बदलली ती वन्संनी वाचलीच नाही, तर ही बंद दारापाशी पाऊण तास थांबून परत आली. नव्या पोरीला कुणीतरी इंग्लिशमध्ये दोन ओळी टाकायला पाहिजे होत्या.

व्हिसासाठी काढतो त्या इन्शुरन्सला किमान ३० हजार युरोचं कव्हर लागतं, पण खेळताना लागलं तर चालतं का हे आधी विचारून घ्या, आम्ही पोर पोहोचल्यावर विचारलं. आणि अठराच्या आतली पोरं एकटी जाणार तर आईबापाचं संमतीपत्र काढून ठेवा. क्लबला मेल निघायच्या आधीच महिनाभर टाका, तारखा लिहून, म्हणजे सुट्टीची भानगड कळते.

पाचपैकी साडेचार. अर्धा त्या बंद दारासाठी कापला.

इथं आल्यावर हिनं ग्राउंडवरच्या पोरांना सांगून आठवड्यातले दोन दिवस नेट खाली घ्यायला लावलंय, खांबावर खडूनं २.२४ ची खूण केलीय, पावसानं पुसली की परत करते. हॉलचे शूज मात्र पडून आहेत, ३८ नंबर, पाच आठवडेच वापरलेत. कुणाची लेक तिकडं जाणार असेल तर सांगा, वडगावात येऊन घेऊन जा, पैसे नकोत.