डी हॅविलँड एअरक्राफ्ट म्युझियम, लंडन कोल्नी : विमानं बघा, पण तिथल्या आजोबांशी बोलल्याशिवाय निघू नका

लंडनच्या आसपास जुनी विमानं बघायची म्हटलं की सगळे डक्सफर्ड नाहीतर हेंडनचं नाव घेतात, आणि दोन्ही भारीच आहेत, पण मला कोणी विचारलं तर मी आधी इथे पाठवेन. हर्टफर्डशायरमध्ये आहे, लंडनभोवतीच्या एम२५ मोटरवेच्या जंक्शन २२ वरून अगदी जवळ, सॅल्सबरी हॉल नावाच्या जुन्या वाड्याच्या आवारात. जागा लहान आहे. पण दुसऱ्या महायुद्धातल्या ज्या लाकडी मॉस्किटो विमानासाठी लोक येतात ते इथेच डिझाइन झालं आणि त्याचा पहिला प्रोटोटाइपही इथेच बांधला गेला, आणि तोच प्रोटोटाइप आज इथे उभा आहे. पिवळ्या रंगाचा, नंबर डब्ल्यू४०५०. आत गेल्यावर मी दोन मिनिटं काही बोललोच नाही.

म्युझियम चालतं ते वॉलंटियर्सवर. बहुतेक सगळे रिटायर्ड, त्यातले काही डी हॅविलँड या विमान कंपनीच्या हॅटफिल्डच्या कारखान्यात काम केलेले. आम्हाला जे आजोबा भेटले ते तिथे अप्रेंटिस म्हणून लागले होते आणि १९८१ मध्ये बीएई १४६ हे प्रवासी जेट पहिल्यांदा उडालं तेव्हा धावपट्टीच्या कडेला उभे होते, हे सांगताना त्यांनी हात असा वर नेला की आम्हीपण छताकडे बघितलं. माझ्या मुलीने (वय ११) त्यांना थेट विचारलं, लाकडाचं विमान पावसात फुगत नाही का? झालं, पुढचा पाऊण तास आम्ही तिथून हललो नाही.

त्यांनी टेबलावरून एक तुकडा उचलून तिच्या हातात दिला. तळहाताएवढा. दोन्ही बाजूंना बर्चच्या प्लायवूडचा पातळ थर आणि मध्ये बाल्सा, म्हणजे सँडविचच. हातात घेतला तर वजन काहीच नाही, वाकवायला गेलो तर वाकत नाही. विमानाचं धड उभं चिरल्यासारखं दोन अर्ध्या भागांत बनवायचे, आतल्या वायरी आणि पाइप बरेचसे तेव्हाच बसवून घ्यायचे आणि मग दोन्ही अर्धे चिकटवायचे. त्यामुळे फर्निचर बनवणाऱ्या कारखान्यांनाही ही कामं देता आली, युद्धात अ‍ॅल्युमिनियमची ओढाताण असताना हे फार मोठं काम झालं. वरून सुती कापड चिकटवून त्यावर डोपचे, म्हणजे कापड ताणून घट्ट करणाऱ्या रोगणाचे, हात द्यायचे. त्या कापडाला मादापोलम म्हणतात आणि ते नाव आंध्रातल्या एका गावावरून आलंय! मी हे आजोबांना सांगितलं तर त्यांनी वही काढून लिहून घेतलं. मला फार बरं वाटलं.

आणि पावसाचं उत्तर: सुरुवातीचा डिंक केसिनचा म्हणजे दुधातल्या प्रथिनाचा होता, दमट हवेत तो टिकेना, म्हणून नंतर फॉर्मल्डिहाइडवाला वापरायला लागले. तरीसुद्धा १९४४ मध्ये भारतात असलेल्या मॉस्किटोंचे चिकटवलेले सांधे तपासायला त्यांची उड्डाणं थांबवावी लागली होती. हे त्यांनी काही न लपवता सांगितलं, आपल्या विमानाचं कौतुक आहे म्हणून दोष झाकायचा नाही, हे मला सगळ्यात आवडलं.

डब्ल्यू४०५० ची गोष्टही त्यांच्याकडूनच ऐका. डिझाइन करणारी टीम इथे ऑक्टोबर १९३९ मध्ये आली आणि २५ नोव्हेंबर १९४० ला कंपनीच्या संस्थापकाचा मुलगा आणि टेस्ट पायलट जेफ्री डी हॅविलँड ज्युनियरने ते हॅटफिल्डहून उडवलं, चौदा महिन्यांच्या आत! फेब्रुवारी १९४१ मध्ये बॉस्कम डाउनच्या चाचणी विमानतळावर खडबडीत जमिनीवर मागचं चाक अडकलं आणि धडाला तडा गेला, मग दुसऱ्या प्रोटोटाइपचं धड आणून याला बसवलं. म्हणजे आपण बघतो ते पंख एकाचे आणि धड दुसऱ्याचं. युद्धानंतर हे भंगारातच जाणार होतं, कंपनीतल्या बिल बेअर्ड नावाच्या माणसाने सांभाळून ठेवलं, आणि सॅल्सबरी हॉल विकत घेणाऱ्या वॉल्टर गोल्डस्मिथ यांनी त्याला परत घरी आणलं. १९५९ पासून ते लोकांना बघता येतंय.

कॉमेटसाठी, म्हणजे जगातल्या पहिल्या प्रवासी जेट विमानासाठी, वेगळा वेळ ठेवा. एअर फ्रान्सच्या जुन्या कॉमेट १ए चं धड आहे, चौकोनी खिडक्यांचं. सगळीकडे वाचतो की चौकोनी खिडक्यांमुळे कॉमेट पडली, मीही तेच धरून चाललो होतो. आजोबांनी नीट समजावलं, की १९५४ मध्ये इटलीतल्या एल्बा बेटाजवळ पडलेल्या विमानाचा समुद्रातून काढलेला जो तुकडा महत्त्वाचा ठरला त्यात तडा प्रवाशांच्या खिडकीपासून नव्हता, छतावर अँटेनासाठी कापलेल्या खिडकीच्या कोपऱ्यापासून सुरू झालेला होता. फार्नबरोच्या विमान संशोधन केंद्रात दुसरं एक अख्खं विमान पाण्याच्या टाकीत ठेवून दाब वाढव-कमी करत राहिले, आधीची खरी उड्डाणं धरून ३,०५७ फेऱ्यांनंतर ते फाटलं. ते बोलत होते आणि मी त्या पातळ पत्र्याकडे बघत होतो. त्यातून लोक इतक्या उंचावरून गेलेत.

सी व्हिक्सन हे नौदलाचं लढाऊ जेट बघताना कॉकपिट डावीकडे का सरकलंय ते विचारा. उजवीकडे खाली अंधाऱ्या खळग्यात दुसरा माणूस रडार बघत बसायचा, त्या जागेला ते लोक कोळशाची कोठी म्हणायचे. मुलीने वाकून वाकून बघितलं.

गेल्या वर्षी दुसऱ्या एका मोठ्या ठिकाणी गेलो होतो, विमानं कितीतरी जास्त, पण अख्ख्या दिवसात प्रश्न विचारायला माणूस सापडला नाही, पाट्या वाचून परत आलो. इथे पाटी वाचायला उभं राहिलं की कोणीतरी हसत जवळ येतंच. त्यांना घाई नसते, तुम्हीही घाईत जाऊ नका.

माझ्याकडून पाचपैकी पाच. जायच्या आधी त्या दिवशी उघडं आहे ना ते बघून घ्या आणि सकाळीच पोहोचा, सुरुवात मॉस्किटोपासून करा. आम्ही दुपारी गेलो, त्यामुळे व्हँपायर हे लढाऊ जेट आणि हॉर्सा ग्लायडर घाईत बघितले. मुलीचे ग्लायडरबद्दलचे प्रश्न वहीत लिहून तयार आहेत, पुढच्या महिन्यात परत जातोय.