कॅनडाचा स्प्रूस म्हणून घेतली ती आपली मोरपंखीच

१३,१५० रुपये. लाज वाटत असली तरी आकडा आधीच सांगतो, कारण फसलेला माणूस आकडा लपवतो आणि त्यावरच या लोकांचे फावते.

गेल्या वर्षी जानेवारीत लातुरातल्या एका प्रदर्शनात मी सहा 'बुटके कॅनेडियन स्प्रूस', म्हणजे सुईसारख्या पानांच्या झाडाची रोपे, घेतली. प्रत्येकी १,८५० रुपये, 'खास माती' १,४०० आणि वाहतूक ६५०. विक्रेत्याने सांगितलेली बहुतेक माहिती खोटी नव्हती, हेच त्याचे कसब. १९०४ साली कॅनडातील अल्बर्टा प्रांतात लेक लुईसजवळ हा वाण सापडला, तो आपोआप शंकूसारखा वाढतो, कात्री लावावी लागत नाही आणि वर्षाला जेमतेम पाच-दहा सेंटिमीटर वाढतो, हे सारे मी मोबाईलवर पडताळले आणि माहिती खरी निघाल्याने रोपही खरेच असणार असे धरून चाललो. त्यात 'पाणी अगदी कमी लागते' ही त्याची थाप! २०१६ साली मिरजेहून रेल्वेने आलेले पाणी प्यायलेल्या माणसाला एवढे वाक्य पुरते.

रोपे निवडताना प्रत्येक फांदीचे टोक एका रेषेत छाटलेले आणि तपकिरी पडलेले मला स्पष्ट दिसले होते. ज्याला कात्री लागत नाही, त्याला कात्री कोणी लावली, हा प्रश्न तीस वर्षे विज्ञान शिकवलेल्या माझ्या तोंडून फुटला नाही. पाने चपटी कशी, एवढे मात्र विचारले. "काका, रोप कोवळे आहे, पुढे सुया येतात." वस्तुतः मोरपंखीचे नेमके उलटे असते, आधी सुया, मग खवल्यांसारखी चपटी पाने. स्प्रूसची सुई चौकोनी असते, चिमटीत धरली तर फिरते. पान चपटे असेल तर तिथून सरळ निघावे.

पावसाळ्यात एकेक फांदी वीतभर पुढे आली. परभणीला कृषी शिकलेला भाचा आला आणि निळसर, शिंगे असलेली फळे पाहून हसला. "मामा, ही मोरपंखी आहे." आमच्या गल्लीच्या टोकाला ती ९० रुपयांना मिळते. वर त्याने हेही ऐकवले की थंड मुलखातला खरा स्प्रूस आमच्या मे महिन्यात टिकलाच नसता. म्हणजे खरा असता तर मेला असता, खोटा होता म्हणून जगला.

पोलीस ठाण्यात मला सांगण्यात आले की वस्तू मिळाली आहे, मग फसवणूक कसली? सायबर फसवणुकीच्या १९३० या मदत क्रमांकावर फोन केला, तर हा सायबर गुन्हा नव्हे, ग्राहकाची तक्रार आहे असे उत्तर मिळाले. कृषी कार्यालयातले साहेब म्हणाले की शोभेची झाडे त्यांच्याकडे येत नाहीत, आणि बोलताना त्यांनी मान वर केली नाही. ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंत शुल्क नाही, हे समजल्यावर आशा वाटली. पण तिथे विक्रेत्याचा पत्ता लागतो, आणि माझ्याकडे होते ते क्यूआर कोडवरचे एक नाव. प्रदर्शनाच्या आयोजकांनी तर गाळा कोणाला दिला होता याची नोंदच ठेवली नव्हती म्हणे! बिल मागितले नव्हते असे नाही. "झाडांना जीएसटी नसतो, म्हणून बिल नसते," असे तो म्हणाला होता. यातला पहिला अर्धा भाग खरा आहे. बिलावर झाडाचे शास्त्रीय नाव लिहून मागा. नाही म्हटले तर पैसे खिशातच ठेवा.

सहाही मोरपंख्या आता कठड्याच्या वर गेल्या आहेत. दर महिन्याला मीच त्यांना कात्री लावतो.